फटफटीचे इंजिन, घरची मोटार

बैल गाडीच्या पुढे जुंपायचा असतो आणि घोडा टांग्याच्या पुढे. उलटे करून पाहण्याची बुद्धी आजवर कोणा शेतकऱ्याला वा टांगेवाल्याला झाल्याचे ऐकिवात नाही. म्हणून माणसाने मोटार केली तेव्हा तिच्या इंजिनाची जागाही लवकरच ठरून गेली. कार्ल बेंझच्या १८८६ सालच्या तीनचाकीत ते बैठकीच्या मागे होते खरे; परंतु १८९१ च्या सुमारास पॅरिसच्या पानार-लव्हासोर मंडळींनी ते उचलून पुढे आणले, आणि मग पुढची साठ-पासष्ट वर्षे बहुतेक जगाने ‘घोडा पुढे, गाडी मागे’ हाच न्याय चालू ठेवला. शर्यतीच्या मोटारींचे इटालियन महर्षी एन्झो फेरारी तर, घोडा गाडी ओढतो, ढकलत नाही, असे म्हणत असत, अशी आख्यायिका आहे.

आता आजच्या शर्यतीच्या मोटारीचे चित्र डोळ्यांपुढे आणा. चालक पुढे, जवळजवळ गाडीच्या नाकाशी निजल्यासारखा बसलेला, आणि इंजिन त्याच्या पाठीशी. हा पालट का झाला असे विचारले, तर जाणकार मंडळी वजनाच्या समतोलाची नि वाऱ्याच्या विरोधाची मोठमोठी कारणे सांगतात. ती खोटी नाहीत. पण पालट घडत होता तेव्हा घडवणाऱ्यांच्या मनात ती फारशी नव्हती. त्यांच्यापुढचे कारण अगदी घरगुती होते. फटफटीचे इंजिन त्यांना परवडत होते, आणि त्या इंजिनाची साखळी लांबवर जात नव्हती.

यंत्रशास्त्राचा माझा अभ्यास मॅट्रिकच्या विज्ञानाच्या पुस्तकापुढे गेलेला नाही. मुलांना मी मराठी नि इतिहास शिकवतो, आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. परंतु ज्या इतिहासात राजे, तह आणि लढाया नसतात, चार मध्यमवर्गीय माणसे संध्याकाळी दिवा लावून काहीतरी खटपट करीत बसलेली असतात, तो मला फार आवडतो. ही हकीकत त्या जातीची आहे, म्हणून ती दिवाळीच्या फराळाबरोबर वाचकांपुढे ठेवतो.

घरी मोटार करायला बसलेल्या माणसाच्या हातून बाकीचे पुष्कळ होते. लोखंडी नळ्या जोडून सांगाडा उभा राहतो. चाके, स्प्रिंगा, सुकाणू मोडीत निघालेल्या मोटारीतून काढून घेता येतात. पत्रा ठोकून वरचे अंग तयार होते. ते ओबडधोबड झाले तरी रंगाखाली बरेच लपते. अडते ते इंजिनापाशी. मोटारीचे इंजिन आणावे तर ते जड, पाण्याने थंड होणारे, त्याच्यामागे गिअरबॉक्स, लांब दांडा नि मागल्या आसावरची दातेरी पेटी असा सगळा गोतावळा. फटफटीचे इंजिन मात्र दोघांनी सहज उचलावे एवढे. त्याला रेडिएटर नको, पाण्याची नळी नको. आणि आकाराच्या मानाने ताकद अशी, की मोटारीच्या इंजिनाने मान खाली घालावी.

पण हा जावई घरात घ्यायचा तर त्याचे नखरेही सोसावे लागतात. फटफटीला मागे जाता येत नाही, म्हणून तिच्या गिअरबॉक्समध्ये उलटा गिअरच नसतो. तिचा क्लच एका माणसाचे ओझे ओढण्याच्या बेताने केलेला. त्यावर चार चाकांची गाडी लादली की तो तापतो नि घसरतो. इंजिन थंड व्हायचे ते समोरून अंगावर येणाऱ्या वाऱ्याने. ते पत्र्याच्या पोटात कोंडले, तर उघड्या अंगाने शेतात राबणाऱ्याला बंद गळ्याचा कोट चढवून कोपऱ्यात बसवल्यासारखे होते. एका सिलिंडरचे असले तर थरथर अशी, की नळ्या चिरतात, बोल्ट सैल होतात आणि कार्बुरेटरमधले इंधन ताकासारखे फेसाळते. आणि सर्वांत मोठी अडचण साखळीची. फटफटीची ताकद बाहेर पडते ती एका कडेच्या लहानशा दातेरी चाकातून. त्या चाकाला मागले चाक हातभर अंतरावर हवे असते. इंजिन पुढे ठेवून ती ताकद मागच्या चाकांपर्यंत न्यायची म्हणजे मधे निराळी यंत्रणा करणे आले.

या अडचणीवर फार पूर्वी एकाने चांगला उपाय काढला होता. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न लिंक या गावी एच. एफ. एस. मॉर्गन नावाचा तरुण, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, मोटारींचे गॅरेज चालवीत असे. फटफटी करण्यासाठी म्हणून त्याने सात अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे पूजो इंजिन आणले होते. पुढे मन बदलले, आणि १९०९ मध्ये त्याने त्या इंजिनाभोवती तीन चाकांची एक हलकी गाडी रचली. इंजिन पुढे, तेथून दांडा मागे, आणि शेवटी साखळ्या एकाच मागल्या चाकाला. मागे चाकच एक असल्यामुळे वळणावर दोन चाके वेगवेगळ्या गतीने फिरवण्याचा प्रश्न मिटला. या कामात मॉर्गनला मदत केली ती माल्व्हर्न कॉलेजातले अभियांत्रिकीचे शिक्षक स्टीफन्सन-पीच यांनी, नि काम झाले ते शाळेच्या कारखान्यात. आमच्या धंद्यातला माणूस असा एखाद्या शोधाच्या पायाशी सापडला म्हणजे मला किती बरे वाटते, हे शिक्षक वाचकांना सांगायला नको. मॉर्गनची तीनचाकी १९५२ पर्यंत विकली जात होती. इंग्लंडात तीनचाकीवर मोटारीएवढा कर नव्हता, हेही तिच्या दीर्घायुष्याचे एक कारण.

पण मॉर्गनची वाट शर्यतीच्या चारचाकीकडे जाणारी नव्हती. ती दुसरीकडून फुटली, आणि मधे एक महायुद्ध जावे लागले.

१९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा इंग्लंड जिंकले होते, पण खंगले होते. पेट्रोल रेशनवर मिळत असे, आणि ते बंधन १९५० च्या मे महिन्यात पूर्णपणे उठले. युद्धापूर्वी मोटारींच्या शर्यती हा धनिकांचा खेळ होता. ज्यांच्याकडे पैसा नव्हता, पण हातात कसब होते, अशी बरीच माणसे विमानांच्या कारखान्यांत जमली होती. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यातल्या अशाच हौशी मंडळींच्या गप्पांतून एक कल्पना निघाली: शर्यत अशी ठेवावी की तिच्यात इंजिनाची मर्यादा पाचशे घनसेंटिमीटर, म्हणजे बरोबर एका भक्कम फटफटीएवढी. इंजिनात हवा कोंबणारा सुपरचार्जर लावायचा नाही. गाडीचे वजन निदान दोनशे किलो असावे. बाकी ज्याने त्याने आपापल्या अंगणात काय करायचे ते करावे. १९४६ मध्ये या कामासाठी ‘फाइव्ह हंड्रेड क्लब’ स्थापन झाला. गरिबांच्या शर्यतीची अशी सनद पूर्वी कोणी काढली नव्हती.

या मंडळींत डिक सीझर नावाचा एक कल्पक माणूस होता. त्याने नि डेव्हिड फ्रायने युद्धापूर्वी, १९३६ मध्ये, एक विचित्र गाडी केली होती. तिच्यात ब्लॅकबर्न कंपनीचे फटफटीचे दोन सिलिंडरी इंजिन चालकाच्या मागे बसवलेले. जर्मनीत त्या वेळी फर्डिनांड पोर्शे यांनी आखलेल्या ऑटो युनियनच्या अवाढव्य मोटारी मागे इंजिन घेऊन शर्यती जिंकत होत्या. म्हणून थट्टेने फ्राय नि सीझर या दोन आडनावांचे जर्मन भाषांतर करून या गाडीला ‘फ्रायकायझरवागन’ असे भारदस्त नाव दिले होते. तेव्हा इंजिन मागे ठेवण्याचा मान अमक्याच एकाचा, असे म्हणता येत नाही. याच गाडीने डेव्हिडचा चुलतभाऊ जो फ्राय याने १९४९ मध्ये शेल्सली वॉल्शच्या चढावर विक्रम केला, आणि याच गाडीत जुलै १९५० मध्ये ब्लँडफर्डच्या चढावर त्याला मृत्यू आला. घरी केलेल्या मोटारींची गोष्ट सांगताना तिच्यातली गंमत तेवढी सांगून पुढे जाणे मला बरे वाटत नाही. त्या गाडीत बसलेल्या माणसाच्या नि रस्त्याच्या मधे दोन-चार नळ्या नि पत्रा, एवढेच असे.

सनद निघाली, आणि मग इंग्लंडभर गॅरेजांतून, परसांतून एकच प्रश्न सुरू झाला. इंजिन कोणते घ्यावे? व्हिन्सेंट कंपनीचे एकसिलिंडरी इंजिन कॉलिन स्ट्रँगने घेतले, फियाटच्या छोट्या मोटारीच्या सांगाड्यात मागे बसवले, आणि १९४६ सालच्या चढाच्या शर्यतींत सर्वांना चकित केले. ट्रायम्फची दोन उभ्या सिलिंडरांची इंजिने गुळगुळीत चालत, पण ऐन वेळी ताकद थोडी उणी पडे. डग्लसचे आडव्या सिलिंडरांचे इंजिन ब्रिस्टलच्याच मातीतले, म्हणून तिकडच्या मंडळींना त्याची माया. परंतु बहुतेकांची नजर शेवटी एकाच ठिकाणी येऊन थांबली: जे. ए. पी.

उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅम येथे जॉन आल्फ्रेड प्रेस्टविच यांचा कारखाना होता. हे गृहस्थ आरंभी चलच्चित्रांचे कॅमेरे नि प्रोजेक्टर बनवीत. पुढे फटफटीच्या इंजिनांत त्यांचे नाव झाले. त्यांच्या आद्याक्षरांवरून इंजिनाला ‘जॅप’ म्हणत. त्यांनी मातीच्या गोल मैदानावरच्या फटफटीच्या शर्यतींसाठी एक खास इंजिन केले होते. एकच सिलिंडर, ८० मिलिमीटर व्यासाचा नि दट्ट्याची धाव ९९ मिलिमीटर. त्यात पेट्रोल नव्हे, मिथेनॉल जाळायचे. ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आसपास. रचना इतकी साधी की शिलाईचे यंत्र उघडणाऱ्याने हेही उघडावे. मुख्य म्हणजे ते नुसते, सुटे, दुकानात विकत मिळे.

यात एक मेख होती. मातीच्या मैदानावरची शर्यत म्हणजे चार फेऱ्या. मिनिट-सव्वा मिनिटात खेळ खलास. तेवढ्यासाठीच हे इंजिन घडवलेले. त्याच्यात तेल एकदा गेले की परत टाकीत येत नसे. काही जळे, काही गळे, काही मागच्या माणसाच्या चष्म्यावर उडे. असल्या इंजिनाला मोटारीत बसवून पंधरा-वीस मिनिटे दौडवायचे म्हणजे शंभर यार्डांच्या धावकाला पंढरीच्या वारीला पाठवण्यासारखे. ते धापा टाकी, तापे, नि कैकदा वाटेत अंग टाकी. तरीही लोक तेच घेत, कारण मोडले तर आपल्या हातांनी दुरुस्त होई. शर्यतींत तेल वापरत ते पुष्कळदा एरंडेलाचे. कॅस्ट्रॉल हे नावही एरंडाच्या इंग्रजी नावावरूनच आलेले आहे. त्या काळच्या मैदानांवर जळक्या एरंडेलाचा वास भरून राहिलेला असे, नि तिकडली म्हातारी शौकीन मंडळी त्या वासाची आठवण काढून सद्‌गदित होत. ज्यांना लहानपणी रविवारी सकाळी आजीने नाक दाबून एरंडेल पाजले आहे, त्या आपल्या वाचकांना ही भक्ती कळणे जरा कठीण आहे.

आता सर्बिटनकडे येऊ. लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या या उपनगरात हॉलिफील्ड रोडवर चार्ल्स कूपर यांचे गॅरेज होते. म्हातारबुवा पूर्वी के डॉन या प्रसिद्ध शर्यतपटूचे मेकॅनिक. त्यांचा मुलगा जॉन, वय तेवीस, आणि जॉनचा मित्र एरिक ब्रँडन या दोघांनी १९४६ च्या उन्हाळ्यात पाचशेची गाडी करायचे घेतले. हाताशी एक अपघातात मोडलेली फियाट टोपोलिनो होती. टोपोलिनो म्हणजे इटालियनमध्ये उंदरु. गाडीही तशीच चिमुकली. तिच्या पुढल्या चाकांची बांधणी मोठी छान होती, दोन्ही चाके एकमेकांशी न बांधलेली, वरून आडवी स्प्रिंग. कूपर मंडळींनी आणखी एका टोपोलिनोचा पुढला भाग मिळवला आणि दोन पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले. म्हणजे गाडीला दोन्हीकडून तोंडच, शेपूट नाही! मधे नळ्या, वर पत्रा आणि जॅपचे इंजिन.

इंजिन कोठे ठेवायचे याचा विचार करायला फार वेळ लागला नाही. साखळी मागल्या चाकांना जोडायची, तर इंजिन मागल्या चाकांपाशीच हवे. पुढे ठेवावे तर दांडा, पेटी, खर्च. मागे ठेवले, चालक पुढे बसवला, काम झाले. मधे फटफटीचाच गिअरबॉक्स घातला. त्या काळी इंजिन नि गिअरबॉक्स निरनिराळे मिळत, हे घरच्या कारागिरांचे केवढे भाग्य! दोन्ही मागली चाके एकाच गतीने फिरत. वळणावर त्यांची कुरकुर चाले, ती चालू दिली. आपण काही शास्त्रीय शोध लावतो आहोत असे तेव्हा मनातही नव्हते, सोयीचे होते म्हणून इंजिन मागे ठेवले, असे जॉन कूपरने पुढे स्वतःच सांगून ठेवले आहे. मला हा कबुलीजबाब फार मोलाचा वाटतो. इतिहासाच्या पुस्तकात प्रत्येक थोर माणूस पहिल्या दिवसापासून शेवटचे पान वाचून बसलेला असतो.

पाच आठवड्यांत गाडी उभी राहिली. जुलैअखेर प्रेस्कॉटच्या चढावर ती पहिल्यांदा शर्यतीत उतरली, आणि एकसिलिंडरी इंजिनाच्या थरथरीने इंजिन धरणारे आधारच तुटले. पोरे खट्टू झाली असतील. पण गॅरेज आपलेच होते. आधार पक्के केले, एरिकसाठी दुसरी गाडी केली, आणि १९४७ मध्ये केंब्रिजजवळ ग्रॅन्सडन लॉज या लष्करी विमानतळावर पाचशेची पहिली सडकेवरची शर्यत झाली ती ब्रँडनने कूपरमधून जिंकली. लोक विचारू लागले, आम्हाला एक करून द्याल का? गॅरेजाचा कारखाना झाला. १९४८ मध्ये एका दंतवैद्याच्या अठरा वर्षांच्या मुलाने एक गाडी नेली. घरी घोडेस्वारीचा शौक असल्यामुळे घोडे वाहून नेण्याची गाडी होती. तिच्यात घोड्याच्या जागी ही मोटार चढवून तो शर्यतींना जाऊ लागला. त्याचे नाव स्टर्लिंग मॉस.

इथवर सगळे रामराज्य होते. मग नॉर्टन आली.

बर्मिंगहॅमच्या नॉर्टन कंपनीची ‘मँक्स’ ही शर्यतीची फटफटी. तिचे इंजिनही एकसिलिंडरी, पण त्याच्या माथ्यावर दोन कॅमशाफ्ट, आणि ते आइल ऑफ मॅनच्या लांबलचक डोंगरी शर्यतींच्या मुशीतून निघालेले. जॅप मिनिटभराचा पहिलवान, तर हा तासन्‌तास दौडणारा. अवघड एवढेच, की नॉर्टन कंपनी नुसते इंजिन विकायला तयार नसे. ज्याला हवे असेल त्याने सबंध फटफटी घ्यावी. ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी सबंध फटफटी घेतली, इंजिन काढले, नि बाकीची विकायला ठेवली. शिवाय या इंजिनाला ऊन-पाऊस सोसत नाही; ते वरचेवर उघडून, तासून, तोलून बसवायला फ्रान्सिस बेअर्ट, स्टीव्ह लँसफिल्ड असले निष्णात कारागीर लागत, नि त्यांची मजुरी गॅरेजातल्या पोराच्या खिशातली नव्हे.

१९५० मध्ये पाचशेच्या वर्गाला ‘फॉर्म्युला थ्री’ हे आंतरराष्ट्रीय नाव मिळाले, आणि दोनतीन वर्षांत चित्र पालटले. जिंकायचे तर इंजिन नॉर्टनचेच हवे, नि गाडी बहुधा कूपरची. डॉन पार्करसारखा ठेंगणा, हलका चालक कीफ्ट गाडीत नॉर्टन घालून १९५२ नि १९५३ मध्ये अजिंक्यपद घेऊन गेला, त्याच्या यशात त्याच्या कमी वजनाचाही वाटा होता. पण परसात दिवा लावून बसलेला तो पहिला माणूस? तो जॅप घेऊन येई, आणि मागून तिसऱ्या रांगेत तेलाने माखून घरी जाई. नियमांत कोठेही श्रीमंतांना झुकते माप नव्हते. सनदेचा एक शब्द बदललेला नव्हता. एका इंजिनाच्या निवडीने गरिबांची शर्यत पुन्हा पैशाच्या दारात नेऊन बांधली. याचे मला वाईट वाटते, नि कूपरचे चाहते काहीही म्हणोत, जॅपची बाजू घेण्याचा मोह मला आवरत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अभियांत्रिकी शिकतो. त्याच्या कॉलेजातली मुले मिळून शर्यतीची एक छोटी मोटार बांधतात नि कोइम्बतूरजवळच्या मैदानावर ‘फॉर्म्युला भारत’ या स्पर्धेला नेतात. तिथली मर्यादा ७१० घनसेंटिमीटरची, आणि हवा आत जाते ती फक्त २० मिलिमीटरच्या भोकातून. गेल्या सुट्टीत तो घरी आला तेव्हा त्यांच्यात हाच वाद पेटलेला होता: सहाशेचे चार सिलिंडरी परदेशी इंजिन मिळवावे, की केटीएमचे ३७३ घनसेंटिमीटरचे एकसिलिंडरी घ्यावे? मी त्याला ही सगळी जॅप-नॉर्टनची कथा ऐकवली. त्याने चहा संपेपर्यंत शांतपणे ऐकून घेतली.

“मग सर, तुम्ही काय म्हणता?”

“मी काय म्हणणार? तू सांग.”

“आम्ही केटीएमच घेतोय. अपघातातली गाडी पाहून ठेवली आहे. चार सिलिंडरवाल्याचा एक सेन्सर गेला, तर महिनाभर वाट बघायची. याचे सामान चाकणला मिळते.”

चाकणला बजाजच्या कारखान्यात ते इंजिन तयार होत आले आहे. म्हणजे टॉटनहॅमच्या दुकानाचे काम आज चाकण करते. फरक एवढाच, की आता गिअरबॉक्स इंजिनाच्याच पोटात असतो, त्यामुळे तो वेगळा निवडण्याची मौज गेली. इंजिन मागे ठेवायचे हे मात्र त्या मुलांनी चर्चेलासुद्धा घेतले नव्हते.

असल्या वेडाला मुलुखाची सीमा नसते. आपल्या इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ पासून ‘मीरा’ ही छोटी मोटार घडवण्यात आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. ती मोठ्या प्रमाणावर बाजारात आली नाही, ही आपल्याकडची हळहळ. तो निराळा आणि मोठा विषय आहे.

कूपरांच्या गाडीत फटफटीचे इंजिन होते ते पाचशेचेच असे नाही. त्यांनी थोडा लांब सांगाडा करून जॅपचे दोन सिलिंडरांचे, अकराशेच्या आसपासचे इंजिनही बसवून पाहिले. जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती १९५० मध्ये सुरू झाल्या; त्या वर्षी २१ मे रोजी मोनॅकोला हॅरी शेल असली एक कूपर-जॅप घेऊन उतरला. आल्फा रोमिओ नि फेरारी यांच्या रांगेत मागे फटफटीचे इंजिन लावलेली ती चिमुकली गाडी! समुद्राची लाट रस्त्यावर येऊन पहिल्याच फेरीत मोठी धडकाधडकी झाली, तीत तीही सापडली. पण मागे इंजिन असलेली गाडी अजिंक्यपदाच्या शर्यतीत पहिल्यांदा आली ती ही.

पुढे कूपरांनी फटफटीचे इंजिन काढून कव्हेंट्री क्लायमॅक्सचे बसवले. ही कंपनी आग विझवण्याच्या पंपांची इंजिने करण्यात नावाजलेली. इंजिन बदलले, जागा बदलली नाही. पाचशेच्या गाडीने शिकवले होते की चालकाच्या खालून दांडा जात नसल्यामुळे तो खाली बसतो, गाडी बुटकी होते, हलकी होते, वळणावर चपळ होते. १९ जानेवारी १९५८ रोजी ब्यूनोस आयर्सला मॉस दोन लिटरची कूपर घेऊन अडीच लिटरच्या फेरारींपुढे उभा राहिला. त्याच्या गाडीची चाके चार-चार नटांनी बसवलेली, बदलायला उशीर लागायचा. म्हणून त्याच्या माणसांनी टायर बाहेर काढून ठेवण्याचे नुसते सोंग केले, नि मॉस थांबलाच नाही. टायरांची चामडी सोलून निघाली, आणि तीन सेकंदांहून कमी अंतराने तो जिंकला.

१९५९ नि १९६० या दोन्ही वर्षी जागतिक अजिंक्यपद कूपरच्या गाडीतून ऑस्ट्रेलियाच्या जॅक ब्रॅबमने मिळवले. १९५९ ची शेवटची शर्यत फ्लोरिडातल्या सेब्रिंगला, १२ डिसेंबरला होती. शेवटच्या फेरीत त्याचे पेट्रोल संपले. ब्रॅबम खाली उतरला, आणि चढाच्या रस्त्यावरून गाडी ढकलीत त्याने शेवटची रेषा ओलांडली, चौथा आला, नि जमिनीवर कोसळला. गाडी ढकलणे त्याला नवे नव्हते. १९४६ मध्ये, ज्या वर्षी सर्बिटनला टोपोलिनोचे दोन तुकडे जोडले जात होते, त्याच वर्षी याने सिडनीकडे एका मित्राबरोबर मातीच्या मैदानासाठी एक छोटी मोटार घरी बांधली होती. तिच्यात इंजिन होते फटफटीचे, जॅपचे. फेरारींनीही १९६१ मध्ये घोडा मागे बांधला, नि त्या वर्षीचे अजिंक्यपद घेतले.

इंजिने काढून घेतलेल्या त्या नॉर्टन फटफट्यांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. १९५० पासून नॉर्टनने एक नवा सांगाडा आणला होता, रेक्स मॅककँडलेस याने आखलेला. तो इतका सुखकर की त्याला ‘फेदरबेड’, पिसांची गादी, म्हणत. मोटारवाल्यांनी इंजिने नेल्यावर हे उत्तम सांगाडे रिकामे पडून राहत नि स्वस्तात विकले जात. ज्यांना मोटार परवडत नव्हती अशा पोरांनी ते घेतले, आणि त्यांत ट्रायम्फचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसवले. तेच, जे मोटारीसाठी थोडे कमी पडते म्हणून वगळले गेले होते. ट्रायम्फचा ‘ट्राय’ आणि नॉर्टनचा ‘टन’ मिळून तिला ‘ट्रायटन’ म्हणू लागले. लंडनच्या बाहेर, रात्रभर उघड्या राहणाऱ्या चहाच्या हॉटेलांपुढे ही पोरे जमत, आणि कोणाची ट्रायटन जास्त पळते यावर पहाटेपर्यंत पैजा लावीत.